‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष जाणे’ : एडीएचडीविषयी लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न :
प्रौढ वयात एडीएचडीचे (‘अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, म्हणजे लक्ष आवरणे व स्वस्थ राहणे अवघड करणारा विकार) निदान झालेल्या व्यक्तींसाठी मी मराठीत एक माहितीपत्रक लिहीत आहे. या विकाराच्या नावासाठी ‘अवधान न्यूनता’ असा शब्दप्रयोग छापलेला आढळतो; परंतु ज्याच्याकडे अवधान कमी आहे, तोच माणूस आवडीच्या कामात तहानभूक विसरून कसा बुडून जातो, हा वाचकाचा प्रश्न त्यातून सुटत नाही. दुसरे असे, की आवाज, उजेड, वास आणि स्पर्श एकदम असह्य होण्याच्या अवस्थेला ‘अतिसंवेदनशीलता’ म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद :
आपली पहिली शंका रास्त आहे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत या विकाराच्या नावात बालपण आणि अतिहालचाल एवढेच होते. ‘अटेन्शन डेफिसिट’ हे शब्द १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि ‘न्यूनता’ हे त्यातल्या ‘डेफिसिट’चेच मराठी रूप आहे. नाव म्हणून ते राहू द्यावे. विवरणासाठी मात्र मराठी क्रियापदांकडे वळावे, असे मला वाटते. आपल्याकडे लक्ष ‘दिले’ जाते, ते आपण होऊन ‘जाते’, ते ‘लागते’ आणि ते ‘उडते’. यांपैकी ‘देणे’ तेवढे इच्छेच्या ताब्यात असते, बाकीची क्रियापदे लक्षालाच कर्ता करतात. एडीएचडी असलेल्या प्रौढाची अडचण नेमकी या ‘देण्यात’ आहे. समोर बसलेला सहकारी महत्त्वाचे बोलत असताना त्याच्याकडे लक्ष द्यायचे आहे हे त्याला पुरेपूर ठाऊक असते, तरीही ते पंख्याच्या घरघरीकडे, मागच्या टेबलावरच्या संभाषणाकडे आणि मानेला टोचणाऱ्या कपड्याच्या लेबलकडे जातच राहते. उलट एखाद्या गोष्टीत ते लागले, की तेथून ते काढून घेणे त्याच्या हाती उरत नाही, आणि फोन वाजला, वेळ टळली, जेवण राहिले, यांपैकी कशाचेच भान राहत नाही. या दुसऱ्या अवस्थेसाठी ‘अतिएकाग्रता’ असा शब्द घडवला जातो. मी ‘तंद्री लागणे’ पसंत करीन, कारण एकाग्रता हा मराठीत कमावलेला गुण आहे, तर तंद्री न विचारता लागते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. ‘अष्टावधानी’ हे विशेषण अशा व्यक्तींना कौतुकाने लावलेले मी ऐकले आहे, पण ते चुकीच्या जागी पडते. अष्टावधानी माणूस आठ ठिकाणी स्वतःहून अवधान देतो. येथे ते आठ ठिकाणांनी ओढून नेलेले असते.

‘वेंधळा’, ‘धांदरट’, ‘आळशी’ हे शब्द पत्रकात आलेच, तर इतरांनी चिकटवलेली विशेषणे म्हणूनच यावेत. त्याच निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीतील निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच दिसलेली असावी लागतात. म्हणजे प्रौढपणी निदान झालेल्या व्यक्तीने ही विशेषणे बहुधा वर्षानुवर्षे ऐकलेली असतात.

दुसरा प्रतिसाद :
‘अतिसंवेदनशीलता’ मात्र टाळावी. रूढ मराठीत संवेदनशील माणूस म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने हळवा होणारा माणूस, आणि त्याला ‘अति’ जोडले की थोड्याशा बोलण्याने दुखावणारा. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने ज्याचे डोके भणभणते, त्याच्या स्वभावाविषयी त्यातून नाहक टीका होते. मानसशास्त्राच्या पुस्तकांतील ‘वेदन’ (इंद्रियांना होणारी जाणीव) अचूक आहे. परंतु सामान्य वाचक ते ‘वेदना’ असेच वाचेल. ‘संवेदनांचा भडिमार’ हा प्रयोग कानाला बरा लागतो, पण त्यात सगळा दोष बाहेरच्या जगाकडे जातो. त्याच खोलीत बसलेल्या इतरांना तो भडिमार जाणवतही नाही, कारण नको असलेले आवाज त्यांच्या मनात आपोआप मागे पडतात. म्हणून ‘संवेदनांचा भार असह्य होणे’ असे मी लिहीन. भार वाहणाऱ्याच्या सोसण्यावर तो ठरतो, हे त्या शब्दात आपसूक येते.

त्या क्षणी होणाऱ्या अवस्थेसाठी ‘भांबावणे’ हे क्रियापद चपखल आहे. ‘गांगरणे’ म्हटले की भीती आली, ‘बावरणे’ म्हटले की नवखेपणा आला, आणि ‘गोंधळणे’ हे बहुधा न समजण्याविषयी असते. भांबावलेल्या माणसाला सगळे समजत असते, पण एकाच वेळी चहूकडून आल्यामुळे पुढचे पाऊल सुचत नाही. ‘कान किटणे’ येथे चालणार नाही. त्यात तेच ते ऐकून आलेला कंटाळा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. संवेदनांचा हा त्रास एडीएचडी असलेले अनेक प्रौढ सांगत असले, तरी त्या विकाराच्या अधिकृत निदान-निकषांत तो नाही. निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत तो स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निकषांत आहे. त्यामुळे ‘एडीएचडीचे लक्षण’ असे न लिहिता ‘एडीएचडीसोबत अनेकांना जाणवणारा त्रास’ असे लिहावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
दोघांचेही आभार. मसुद्यातील वाक्य आता असे केले आहे : ‘लक्ष हवे तेथे देता येत नाही, नको तेथे जाते, आणि एकदा लागले की निघत नाही, अनेकांना याच्या जोडीला आवाज, उजेड व स्पर्श यांचा भार असह्य होऊन भांबावल्यासारखे होते.’ ‘न्यूनता’ हा शब्द फक्त शीर्षकाखालच्या वैद्यकीय नावात ठेवला आहे.