स्क्रीन रीडर शिकवायचा, पण सुरुवात कुठून?

प्रश्न: काचबिंदूमुळे बाबांची नजर गेली. आयुष्यभर हिशेब सांभाळलेला माणूस. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर टाकून दिलाय, पण त्या बडबडीला ते वैतागतात.

उत्तर: मी जन्मांध, हेच शिकवतो. आधी माऊस उचलून ठेवा. इन्सर्ट आणि १ एकत्र दाबलं की इनपुट हेल्प सुरू होतं. मग कुठलीही कळ दाबा, नुसतं नाव ऐकू येतं, काही बिघडत नाही. एफ आणि जे वरचे उंचवटे त्यांचे त्यांना सापडू द्या. बडबड नकोशी झाली की कंट्रोल, लगेच गप्प!

प्रश्नकर्ती: वेबपान मात्र वरपासून खालपर्यंत ऐकत बसतात हो.

उत्तर: एच दाबत शीर्षकांवरून उड्या मारायच्या. आणि एक्सेल लवकर द्या, रमतील.

दुसरे वाचक: बोलण्याचा वेग आधी कमी ठेवा, सरावाने ते स्वतःच वाढवतील.