विषय: सेलिनातलं ५ लाखांचं नवीन घर झेपेल का?

प्रेषक: अ., प्लेनो

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनोत अपार्टमेंटमध्ये राहतो, भाडं महिना २,१०० डॉलर. गेल्या शनिवारी सेलिनाला एक नवीन वसाहत बघितली. बायकोला घर फार आवडलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. किंमत ५ लाख डॉलर, २० टक्के डाऊन पेमेंट (सुरुवातीला स्वतः भरायची रक्कम) जमवलंय. सेल्स ऑफिसातल्या बाईंनी कागदावर 'महिना २,६००' लिहून त्याभोवती गोल काढून दिला. पहिल्या वर्षी व्याज साडेचार टक्केच, म्हणाल्या. माझा मूळ पगार १ लाख ३८ हजार, शिवाय २० एक हजारांचे शेअर्स. बायको घरी, मुलगी मॉन्टेसरीत, मी एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा). बँकेचं प्रीअप्रूव्हल (कर्जाची प्राथमिक मंजुरी) आलंय. भाड्यापेक्षा ५०० च जास्त, मग घ्यायला हरकत नाही ना?

प्रेषक: फ्रिस्कोहून एक काका

घ्या बिनधास्त. वास्तुशांतीला पुरणपोळ्या आमच्याकडून. पण गाडीचा हप्ता किती, ते लिहिलं नाहीत.

प्रेषक: मॅककिनीची ताई

काका, पुरणपोळ्या जरा थांबू द्या.

अ., तो गोल काढलेला आकडा पहिल्या वर्षाचा आहे. तुम्ही हिशोब तिसऱ्या वर्षाचा करा.

साडेचार टक्के म्हणजे बहुतेक टू-वन बायडाऊन: बिल्डर पैसे भरून पहिली दोन वर्षं व्याज कमी करून देतो. खरा दर साडेसहा असणार. पहिल्या वर्षी दोन टक्के कमी, दुसऱ्या वर्षी एक, मग पूर्ण. ४ लाखांच्या तीस वर्षांच्या कर्जाला साडेचारने हप्ता बसतो २,०२७, साडेपाचने २,२७१ आणि साडेसहाने २,५२८.

दुसरी गोम टॅक्सची, म्हणजे घरपट्टीची. इथे मूल्यांकन १ जानेवारीला जसं असेल तसं धरतात. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसती माती असेल तर त्या वर्षीचा टॅक्स जमिनीपुरताच. बाईंच्या २,६०० मध्ये टॅक्सचे महिन्याला २०० च बसतात, ते तेच. पुढच्या वर्षी अख्ख्या घराचा येतो. त्यातल्या शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या मूल्यांकनातून होमस्टेडची (स्वतः राहत्या घराची) १ लाख ४० हजारांची सूट आता मिळते, पण तिच्यासाठी अर्ज स्वतः करावा लागतो. ती वजा करून आणि पीआयडीचे वर्षाचे दीडेक हजार धरून (पीआयडी म्हणजे वसाहतीच्या रस्ते-पाण्यासारख्या सोयींसाठीची वेगळी आकारणी; सेलिनाच्या नव्या वसाहतींत बऱ्याचदा असते, तिला होमस्टेडची सूट मिळत नाही) माझ्या अंदाजाने १०,२०० होतील. म्हणजे महिना ८५०. इन्शुरन्स ३००, आपल्याकडच्या गारा माहीतच आहेत. एचओए (वसाहतीच्या सोसायटीची वर्गणी) ७५.

२,५२८ + ८५० + ३०० + ७५ = ३,७५३.

हे बोलतेय ते पोळलेल्या तोंडाने. आम्ही २०२२ मध्ये नवीन घर घेतलं आणि पुढच्या वर्षअखेरीस एस्क्रो (टॅक्स-इन्शुरन्ससाठी बँक हप्त्याबरोबर पैसे जमवते ते खातं) कमी पडल्याचं पत्र आलं. मागची तूट बारा हप्त्यांत वाटलेली आणि वर पुढच्या वर्षाचा वाढीव टॅक्स, मिळून महिन्याला ६४० जास्त. नवरा म्हणाला, चुकून दुसऱ्या कुणाचं पत्र आलंय.

घरखर्च ढोबळ पगाराच्या २८ टक्क्यांत बसवायचा, हा इथला जुना ठोकताळा. ३,७५३ साठी वर्षाला साधारण १ लाख ६१ हजार लागतात. शेअर्स धरले तर तुम्ही काठावर, नाही धरले तर ३२ टक्क्यांच्या पुढे. मी धरत नाही. आणि प्रीअप्रूव्हलवर जाऊ नका. बँक गाडीचा हप्ता बघते, मॉन्टेसरीची फी बघत नाही, गावी आईबाबांना पाठवता तेही नाही. त्यामुळे ढोबळ पगार सोडा, हातात काय पडतं त्यातून मांडा.

नव्या घरात फ्रिज, पडदे, ब्लाइंड्स, मागचं गवत बहुधा तुमचंच. आमचे पहिल्या तीन महिन्यांत १४ हजार गेले.

एच-१बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून मग डाऊन पेमेंट मोजा. डाऊन कमी करून एफएचएकडे (सरकारी हमीचं, कमी डाऊनचं कर्ज) वळायचा विचार असेल तर तो रस्ता मे २०२५ पासून बंद आहे, ग्रीनकार्ड लागतं.

प्रेषक: अ., प्लेनो

ताई, रात्री अकराला बायकोबरोबर बसून मांडलं. ४०१के (निवृत्तीची बचत), विमा, टॅक्स जाऊन हातात ८,२०० पडतात. त्यातून ३,७५३ गेले. गाडी ६२०, मॉन्टेसरी १,३००, किराणा-पेट्रोल ९००, वीज-पाणी-इंटरनेट ४००, नाशिकला ५००. उरतात ७२७. त्यात भारताची तिकिटं, डॉक्टर आणि उन्हाळ्यात एसी बिघडला तर तोही.

बायको म्हणाली, "त्या बाईंनी नाशिक मांडलंच नाही."

आज त्यांना फोन करून पूर्ण घराचा टॅक्स आणि पूर्ण व्याजदर धरून कागद मागितला. लगेच पाठवला, आकडा ३,८१०. तुमच्यापेक्षाही ५७ जास्त! म्हणजे कागद तयारच होता, मागितला नव्हता एवढंच.

प्रेषक: मॅककिनीची ताई

मागा, मिळतं. बायडाऊनसाठी बिल्डरचे साधारण ९,१०० जातात. किंमत ते सहसा उतरवत नाहीत, शेजारच्या घरांचे भाव पडतात म्हणून. पण तेच पैसे दर कायमचा कमी करायला लावतात का विचारा. ४ लाख २५ हजारांपर्यंतची तयार घरं मॅककिनीच्या पूर्वेला बघा. टॅक्स एस्क्रोत पहिल्यापासून पूर्ण घराचा भरा, बँकेला तसं लेखी सांगा.

प्रेषक: अ., प्लेनो

रविवारी सकाळी १० ला तिकडे दोन घरं बघायला जातोय. ताई, वेळ असेल तर याल का? चहाचा थर्मास मी आणतो. काका, गाडीचे ३१ हप्ते उरलेत.