सँडल घालून धावताना बोटं गारठतात, उपाय सांगा

मंडळी, मदत हवी आहे. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पहाटे सँडल घालून धावतो. (बूट घाल, हा सल्ला घरून रोज मिळतो, तो सोडून बोला!) डिसेंबर-जानेवारीत गवतावर दंव असतं, बोटं पार बधिर होतात. पट्टा अंगठ्याजवळून जातो, म्हणून साधे मोजे बसत नाहीत. अंगठा वेगळा असलेले सुती मोजे मिळाले, पण सुती कापड भिजलं की पाय उलट जास्तच गारठतात. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, तेव्हा तसेच लोकरीचे हवेत. निपाणी-कोल्हापूरकडे कुठे मिळतात का? की विणून घेऊ? आणि मोज्यावर पट्टा आवळला की रक्त नीट खेळत नाही. तुम्ही किती सैल ठेवता? राजहंसगडाच्या उतारावर सैल पट्ट्यानं पाय पुढे सरकतो.