मदत हवी आहे: गवळी धनगरांमध्ये पाला तोडण्याचे कोणते नियम आहेत?

नमस्कार. उत्तराखंडातील वनगुज्जर हिवाळ्यात शिवालिकच्या जंगलांत राहतात आणि उन्हाळा लागला की म्हशी घेऊन हिमालयातील उंच कुरणांकडे चढतात, त्यामुळे खालच्या जंगलाला काही महिने विसावा मिळतो. पाला काढताना झाड पुन्हा फुटेल इतक्या फांद्या राखण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. २००६च्या वनहक्क कायद्याने हंगामी चराईचा हक्क मान्य केला, परंतु तेथे अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. सतत मुक्काम हलवणाऱ्यांकडे एवढे जुने कागद कुठून असणार?

सह्याद्रीतील गवळी धनगरही म्हशी पाळतात. कोणती झाडे तोडायची नाहीत, कोणत्या महिन्यात पाला काढायचा, याविषयी त्यांच्यात काय संकेत आहेत, हे धनगरवाड्यांवर वाढलेल्या किंवा राहिलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.