शिकागोवरील प्रश्नमंजूषा: खरे कोणते, ऐकीव कोणते?

त्रिमूर्तीनगरकर (प्रश्न):
सर्वांना नमस्कार. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात दरवर्षी एका परदेशी शहरावर प्रश्नमंजूषा असते आणि यंदा शिकागोची पाळी आहे. गेल्या वर्षी मी व्हॉट्सॲपवरून उचललेला एक प्रश्न चुकीचा निघाला, आणि नववीतल्या एका मुलीने भर मांडवात ती चूक माझ्या पदरात घातली; म्हणून या खेपेस आधीच विचारतो आहे. माझ्या यादीत सध्या तीन गोष्टी आहेत: १८७१ ची भीषण आग एका गायीने कंदील लाथाडल्यामुळे लागली, सोसाट्याच्या वाऱ्यामुळे त्या गावाला 'विंडी सिटी' म्हणतात, आणि स्वामी विवेकानंदांचे भाषण तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या मैदानावर झाले. यांतले काय ठेवावे?

धंतोलीचा वाचक:
भाऊ, तिन्ही काढा. आगीची सुरुवात ओ'लिअरी कुटुंबाच्या गोठ्याजवळ झाली हे खरे. पण गायीची गोष्ट आपण रचली होती, अशी कबुली एका वार्ताहराने पुढे स्वतःच दिली आणि १९९७ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने ओ'लिअरीबाईंना व त्यांच्या गायीला रीतसर दोषमुक्त केले. त्या आगीत सुमारे तीनशे माणसे दगावली आणि लाखभर लोक बेघर झाले, आणि सव्वाशे वर्षे नाव मात्र गायीचे! आगीच्या ठिकाणी आज अग्निशमन दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. प्रश्न करायचाच असेल तर यावर करा.

'विंडी सिटी' हे नाव १८९३ च्या प्रदर्शनाच्या वेळी न्यूयॉर्कच्या एका संपादकाने दिले, असेही काही जण ठासून सांगतात. तेही टिकत नाही, कारण १८७६ मध्येच सिनसिनाटीच्या वृत्तपत्रांत ते छापलेले आढळते, आणि त्यात वाऱ्याइतकाच शिकागोकरांच्या बढाईखोरपणाला टोमणा होता.

स्वामीजींचे ११ सप्टेंबर १८९३ चे भाषण प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत झाले, परंतु प्रदर्शन दक्षिणेला जॅक्सन पार्कात होते आणि परिषद तिथून काही मैलांवर, मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या इमारतीत. तीच आजची आर्ट इन्स्टिट्यूट. जॅक्सन पार्काच्या बाजूला लोक २६४ फुटी आकाशपाळण्यात बसत होते. त्याच्या ३६ डब्यांत प्रत्येकी साठ माणसे मावत.

निवृत्त अभियंता, प्रतापनगर:
माझी सारी नोकरी मलनिस्सारणात गेली, तेव्हा माझे उत्तर थोडे लांबणार. शिकागो तळ्याकाठच्या दलदलीवर वसलेले असल्याने सांडपाण्याला उतारच मिळत नव्हता. म्हणून १८५५ नंतर गटारे जमिनीच्या वर टाकून त्यांवर भर घालण्यात आली, म्हणजे रस्ते उंच झाले आणि घरे खड्ड्यात राहिली. मग घरे उचलली! १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरील दुकानांची एक सबंध रांग सुमारे सहा हजार स्क्रू जॅक लावून पाच दिवसांत साडेचार फुटांहून अधिक वर घेतली. माणसे होती सहाशे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दहा जॅक. इशारा झाला की प्रत्येकाने आपले जॅक थोडेथोडे फिरवायचे, कारण एक कोपरा जरी पुढे गेला तरी भिंतीला तडा जाणार. दुकाने त्या काळात उघडीच होती. पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाऊस हे हॉटेलही आत पाहुणे असतानाच उचलले.

तरीही घाण नदीतून मिशिगन तळ्यात जात होती आणि पिण्याचे पाणीही त्याच तळ्याचे. तेव्हा सुमारे ४५ किलोमीटरचा खोल कालवा खोदून जानेवारी १९०० मध्ये नदीचा प्रवाह उलटा फिरवला. तळ्यात पडणारी नदी तळ्यातूनच निघून मिसिसिपीच्या दिशेने वाहू लागली. खालच्या अंगाला असलेल्या मिसूरी राज्याने दावा लावला, पण १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या नाग नदीच्या बैठकांत मी हे उदाहरण अनेकदा दिले आहे, अर्थात अनुकरणासाठी नव्हे. कारण त्यात दुर्गंधी संपली नाही, शेजाऱ्याकडे गेली.

सदरच्या काकू:
माझी लेक तिथे राहते, म्हणून एक भर घालते. सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास ती नदी हिरवीगार रंगवतात आणि ही प्रथा १९६२ पासून आहे. नदीत कोण चोरून सांडपाणी सोडते हे शोधायला नळकारागीर जो रंग वापरत, त्यावरून ही कल्पना निघाली. गंमत अशी की नावेतून टाकतात ती पूड आपल्या संत्र्याच्या रंगाची असते, पाण्यात पडल्यावरच हिरवी होते. नागपूरच्या मांडवात याहून शोभेल असा प्रश्न कोणता?

त्रिमूर्तीनगरकर:
काकू, शेवटचा प्रश्न तुमचाच. अभियंता साहेब, 'कोणत्या शहराने आपली संपूर्ण नदी उलटी वाहवली?' असे विचारले तर चालेल ना?

निवृत्त अभियंता, प्रतापनगर:
'संपूर्ण' हा शब्द तेवढा काढा. उत्तरेकडची शाखा पूर्वीही दक्षिणेला वाहत होती आणि आजही तशीच वाहते. फिरवले ते मुख्य पात्र आणि दक्षिण शाखा. ती मुलगी यंदा दहावीत असेल.