कलम २२ रद्द करा म्हणणाऱ्यांना

धागाकर्ता: कालच्या पोस्टीत कुणीतरी लिहिलंय, ‘हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ काढून टाका, माझा हिस्सा मी कुणालाही विकेन.’ हे कलम म्हणजे एका वारसाने हिस्सा विकायला काढला की तो आधी विकत घ्यायचा बाकीच्या वारसांचा हक्क. वाचून डोकं फिरलं. शेजाऱ्याचा अग्रहक्क, म्हणजे विक्रीच्या वेळी पहिल्यांदा घ्यायचा हक्क, सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला, पंजाब-हरियाणातला रक्ताच्या नात्यावरचा १९८६ मध्ये. सहहिस्सेदाराचा दोन्ही वेळा टिकला, आणि का टिकला ते आमच्या घरी येऊन बघा. चुलत्याने हिस्सा एका एजंटाला विकला. त्याने आल्या आल्या पडवीत पत्रे ठोकले. आजीला न्हाणीघरात जायला मागच्या दाराने वळसा.

बांधावरचा: त्यावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ आहे की! राहत्या घरात परक्या खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली त्याचा हिस्सा तुम्हीच घ्या. विकणाऱ्याचे हात कशाला बांधता? कलम २२ मध्ये नोटीस कशी द्यायची, किती दिवस थांबायचं, एक अक्षर नाही.

थोरली लेक: आणि हात बांधले जातात बहिणींचे. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, मी सही दिली नाही. मग मी गिऱ्हाईक आणलं की दादा त्याला गाठणार, ‘आमचा पहिला हक्क आहे, दावा ठोकू.’ गिऱ्हाईक पळालं की स्वतः निम्म्या भावात मागणार.

धागाकर्ता: ताई, निम्मा भाव कायद्यात नाही. भाव जमला नाही तर किंमत कोर्ट ठरवतं. त्या किमतीला दादा घेत नसेल तर अर्जाचा खर्चही त्याच्यावर.

थोरली लेक: कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? माहेर तुटलंय माझं.

बांधावरचा: साडीचोळी देऊन सह्या घेतात. माझ्या बायकोची अशीच घेतली. आधी हक्कसोडपत्रांवर बोला!

जुना कारकून: सगळे हक्कसोडीवर घसरलात. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्या मिळकतीला कलम २२ लागतच नाही. शेतजमिनीला लागतं, हे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. आता भांडा.

धागाकर्ता: मुदत नाही ही खोट आहे, एवढं मान्य. नोंदणीकृत नोटीस, साठ दिवस, नाही घेतलं तर हक्क संपला. पण कलम राहील.

थोरली लेक: तीस दिवस. आणि गिऱ्हाइकाने लावलेल्या भावातच घ्यायचं, एक रुपया कमी नाही.