सीआरपी नॉर्मल, तरी सांधे सुजलेले: असं का?

धरमपेठ_फिजिशियन: संधिवाताच्या (रुमॅटॉइड) रुग्णाला टोसिलिझुमॅब (आयएल-६ चा रिसेप्टर रोखणारं औषध; दर ४ आठवड्यांनी किलोमागे ८ मिग्रॅ) सुरू आहे. सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) १ च्या खाली, पण मनगटं अजून सुजलेली. औषध लागू पडलं म्हणायचं का?

प्रतिकारशास्त्र_नागपूर: नाही. सीआरपी यकृतात बनतं, आणि तो हुकूम आयएल-६ (दाहाचा निरोप नेणारं प्रथिन) देतं: आधी पेशीवरचा रिसेप्टर, मग पेशीतली निरोप पुढे नेणारी प्रथिनं जेएके आणि स्टॅट-३. टोसिलिझुमॅबने रिसेप्टरच बंद केला की सीआरपी पडणारच, सांध्यात काहीही चालू असो. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) घटतं, म्हणून त्यावर अवलंबून असलेला ईएसआरसुद्धा (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) फसवा. इकडे सायनोव्हियममधल्या (सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या) मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींचं टीएनएफ, म्हणजे दाहाचं दुसरं निरोपी प्रथिन, एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला दाहाचा स्विच चेतवत राहतं. फायब्रोब्लास्ट कूर्चा खाणारी एन्झाइम्स सोडतात, रँकएल या प्रथिनामुळे ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड पोखरतात. डीएएस-२८ मध्ये (२८ सांध्यांवरून काढलेला आजाराचा गुणांक) सीआरपी किंवा ईएसआर धरलेला असतो, त्यामुळे आकडा खोटा चांगला येतो. त्याऐवजी रक्तचाचणी न लागणारा गुणांक, सीडीएआय, काढा: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाचा आणि तुमचा अंदाज. २.८ किंवा कमी असेल तरच रेमिशन (आजार शांत). शंका राहिली तर मनगटाची पॉवर डॉप्लर सोनोग्राफी (दाहामुळे वाढलेला रक्तप्रवाह दाखवणारी).

मेडिकल_चौक: सर, संसर्गाचं विसरू नका, मला तर तीच जास्त काळजी वाटते. या औषधावर संसर्ग झाला तरी ताप दबतो, सीआरपी चढत नाही. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफस (सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असतो. काखेत, जांघेत त्या चाव्याची काळी खपली शोधा. टीएनएफरोधकावर न्यायचं ठरलं तर आधी आयग्रा (टीबीची रक्तचाचणी) आणि छातीचा एक्स-रे. टीबीचे ग्रॅन्युलोमा (जंतूंना कोंडणाऱ्या पेशींच्या गाठी) टीएनएफच बांधून ठेवतं.

धरमपेठ_फिजिशियन: सीडीएआय आजच काढतो. आभार.